विचारपूस

दुपारी तीनच्या सुमाराला, वाचनालयामागच्या छोट्या खोलीत कागद मोजता मोजता तिचा हात एकाएकी थांबला. कागद साधाच होता, रविवारी सगळ्यांना वाटलेला. 'अडचणीत असाल तर सगळ्यात आधी कोणाला फोन कराल?' या प्रश्नाखाली निवासी डॉक्टरांनी आतापर्यंत मनाला येईल ते खरडलं होतं. कुणी 'आईला' लिहिलं होतं, कुणी 'देवाला, पण तोही ड्यूटीवर असणार', कुणी 'अडचणीतून सुटलो की मग सांगतो'. एकाने नुसतीच आडवी रेघ मारली होती. ती वाचत होती, मधूनच हसत होती, वाचून झालेला कागद पालथा घालत होती. या कागदावर मात्र बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या युनिटच्या मॅडमना. उचलत नाहीत, पण कामात असतात.'

नाव लिहायचं नव्हतंच, तरी अक्षर तिच्या ओळखीचं होतं. आठ महिने रोज सकाळी केसपेपरवर तिने ते वाचलं होतं, त्यावर लाल रेघा ओढल्या होत्या, एकदा तर 'हे अक्षर आहे की मुंग्यांची रांग?' असं सगळ्यांसमोर विचारलंही होतं. ओळीत तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं, तोंड वर करून भांडता येतं. इथे तर तिची बाजूही त्यानेच मांडून ठेवली होती. तिने फोन काढला आणि न उचललेल्या फोनांची यादी खाली खाली सरकवत नेली. शनिवार. चार वाजून दहा मिनिटं, चार बारा, चार एकतीस. तीनदा. पहिल्या वर्षाची पोरं युनिटमध्ये आली त्या दिवशी तिनेच त्यांना नियम सांगितला होता : पहिल्यांदा उचलला नाही तर थांबा, दुसऱ्यांदा उचलला नाही तर नर्सला विचारा, आणि तिसऱ्यांदा माणूस मरत असेल तरच. पोरं हसली होती. तीही हसली होती. शनिवारी चारला ती काय करत होती हे तिला लख्ख आठवलं. नऊ दिवसांनी केस धुतले होते. ओल्या केसांतून मानेवर पाणी निथळत होतं, खोलीत साबणाचा वास होता, आणि गादीवर पडलेला फोन किड्यासारखा गुणगुणत होता. तिने एका बोटाने तो पालथा घातला होता. आत्ता कागद घालत होती तसाच.

हा सगळा उद्योग 'मोकळा तास' नावाचा होता. गेल्या वर्षी शस्त्रक्रिया विभागातली एक मुलगी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसली ती पाच तास बाहेरच आली नाही. दार फोडल्यावर ती भिंतीला टेकून शांतपणे म्हणाली, मला फक्त बसायचंय. त्यानंतर रुग्णालयाला निवासी डॉक्टरांच्या मनाची काळजी वाटू लागली. दर बुधवारी साडेचारला एक तास सगळ्यांनी जमायचं, बोलायचं, एकमेकांची विचारपूस करायची. विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून सांगितलं, "तू तिसऱ्या वर्षाची, सगळ्यांत ज्येष्ठ. तुझं सगळे ऐकतात." ऐकत होते खरे, पण भीतीपोटी, बाईंना त्यातला फरक कधी कळला नव्हता. आणि पोरांनी पहिल्याच बुधवारी नाव ठेवलं होतं : मोकळा तास म्हणजे मोकळ्या खुर्च्यांचा तास. तरी तिने नेटाने चालवलं होतं. बिस्किटं आणली, खुर्च्या गोलात मांडल्या, भिंतीवर 'आपण सारे एक' असं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं. कोपरे नीट बसत नव्हते म्हणून जखमेला लावायची चिकटपट्टी वापरली होती.

ते अक्षर ज्याचं होतं त्या पोराला युनिटमध्ये पेन्सिल म्हणत. पहिल्या वर्षाचा, आधीच हडकुळा, आणि आल्यापासून आणखीच झिजत चाललेला. दुसऱ्या वर्षाच्या रेडिओने हे नाव ठेवलं होतं. रेडिओचं तोंड पहाटे सहाला सुरू व्हायचं ते बंदच होत नसे. "काय रे पेन्सिल, आणखी टोक काढलंस वाटतं?" असं तो म्हणायचा आणि राउंडला सगळे हसायचे. पेन्सिलही हसायचा, पॅन्ट वर ओढायचा. सोमवारी त्याची चिठ्ठी आली होती, 'ताप आहे, चार दिवस रजा.' त्यावर सही करताना ती म्हणाली होती, "ताप सगळ्यांनाच असतो," आणि त्याच्या अकरा खाटा बाकीच्यांत वाटून टाकल्या होत्या. त्यानंतर आत्तापर्यंत, म्हणजे पुरे दोन दिवस, त्याची आठवण म्हणून तिला आली नव्हती. खाटांची आली होती.

कागद तसेच ठेवून ती वसतिगृहाकडे निघाली. पोर्चमध्ये ऊन पांढरंफटक पडलं होतं. मुलांच्या मजल्यावरच्या बोळात दोरीवर ॲप्रन वाळत होते, बिनमाणसांचे, बाह्या खाली सोडून. त्याच्या खोलीचं दार सताड उघडं. दोनपैकी एका खाटेवर गादीच नव्हती. ती खिडकीच्या कठड्यावर उन्हाला टाकलेली होती. खोलीतला त्याचा जोडीदार, हाडांच्या विभागातला, आपली पुस्तकं खोक्यात भरत होता. तिला पाहून तो चपापला.

"तो कुठंय?"

"कोण, तो? वर आहे ना. पाचव्या मजल्यावर, छातीच्या वॉर्डात." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुमच्याच युनिटचा ना."

"कधीपासून?"

"सोमवार. सकाळी स्वतःच गेला चालत. पिशवी घेऊन." त्याने खोक्याची झडप दाबली. "मी दुसऱ्या खोलीत जातोय मॅडम. म्हणजे तसं काही नाही, पण महिन्यावर परीक्षा आलीय हो माझी."

ती जिन्याकडे वळली. बोलायला तोंड कुठे होतं? छातीचा वॉर्ड म्हणताच तिच्या अंगावर जो काटा आला तो त्याच्यासाठी नव्हता. जिना चढताना ती हिशेब करत होती तो महिन्यांचा होता : ड्यूटीच्या खोलीत आठ महिने आपण एकाच टेबलाशी बसलो, खिडकी गंजलेली, उघडतच नाही, गेल्या महिन्यात त्याच्याच पेल्यातून पाणी प्यायलो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला स्वतःची किळस आली आणि ती कठड्याला धरून थांबली. मग आठवायला लागलं ते एकामागून एक. राउंडला तो खोकायचा, तोंडावर बाही धरून. एकदा ती छातीचे आवाज ऐकत असताना तो खोकला तेव्हा ती नळी कानातून न काढताच म्हणाली होती, "खोकायचं असेल तर बाहेर जा." तो बाहेर गेला. पाच मिनिटांनी आत आला तेव्हा कपाळावर घाम होता, आणि तिने विचारलं होतं ते चौदा नंबरच्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल. पॅन्टचा पट्टा. पट्ट्याला त्याने सुईच्या टोकाने नवी भोकं पाडली होती, एक, दोन, तीन. ती तिने पाहिली होती, नक्की पाहिली होती, कारण तिची नजरच तशी होती. बाई विद्यार्थ्यांना सांगत, हिच्याकडून बघायला शिका, माणूस दारातून आत येईपर्यंत हिचं निदान झालेलं असतं. हस्तांदोलनाचा ओला तळवा, नखांचा रंग, बोलताना मधेच घेतलेला श्वास, काही म्हणून तिच्यातून सुटत नसे. काखेत कळसा. आठ महिने तिच्या शेजारी उभा राहून एक पोरगा वाळत गेला आणि तिने त्याचा विनोद केला. रेडिओने केला, ती हसली, एकच ते.

आणि हे तिला नवीन नव्हतं, हेच जास्त लागत होतं. पहिल्या वर्षी तिला विषमज्वर झाला होता. तेव्हाची तिची वरिष्ठ, जिला सगळे वाघीण म्हणत, तिने कपाळाला हात न लावताच सांगितलं होतं, "गोळी घे आणि उभी राहा." ती तापात उभी राहिली होती. सलाईनच्या बाटल्या दुहेरी दिसत होत्या, फरशी गार वाटावी म्हणून ती चपला काढून चालत होती. घरी आईला फोनवर म्हणाली होती, मजेत आहे. आई म्हणाली, आवाज असा का गं? ती म्हणाली, इथे गोंगाट आहे. त्या आठवड्यात एक सफाईकामगार बाई तेवढी तिच्यापाशी थांबली होती, "पोरी, खाल्लंस का काही?" एवढंच म्हणाली होती, आणि ती औषधांच्या कपाटाआड जाऊन हमसून रडली होती. तिथे तिने मनाशी ठरवलं होतं की आपल्या हाताखाली माणसं येतील तेव्हा आपण असं वागायचं नाही. ठरवलं ते अगदी खरं होतं, मनापासून होतं. ते कधी सुटलं याचा दिवस तिला सांगता आला नसता. एका दिवसात सुटलंच नसावं. रोज थोडं थोडं, झोप सुटली तसं, वाचन सुटलं तसं, आईचे फोन सुटले तसं. वाघीणही कपाटाआड रडली असेल का कधी? हा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला.

पाचव्या मजल्यावरचा वॉर्ड लांबलचक होता, खिडक्या मोठ्या, सगळ्या उघड्या. शेवटच्या खाटेवर तो बसला होता. तिला पाहताच त्याने पाय खाली सोडले आणि उभं राहायला लागला. वरिष्ठ आले की उभं राहायचं, एवढं हाडात भिनलेलं. उठता उठता त्याला खोकला आला.

"बस. बस रे, उठू नकोस."

"मॅडम, मास्क लावा आधी," तो म्हणाला, आणि उशाशी असलेल्या खोक्याकडे बोट दाखवलं. तिने मास्क घेतला. तो लावेपर्यंत तो दुसरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अकरा नंबरच्या आजोबांचं पोटॅशियम आलं का? सोमवारी पाठवायचं राहिलं होतं."

"आलंय. ठीक आहे." आलं की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

खाटेपलीकडच्या स्टुलावर एक बाई बसली होती, चाळिशीची, तोंडावर घरी शिवलेला दुहेरी कापडाचा मास्क. त्याची थोरली बहीण. शिवणकाम करते, हे पुढे तिनेच सांगितलं. चार ब्लाउज अर्धवट टाकून मंगळवारच्या गाडीने आलेय म्हणाली. "तुम्ही मॅडम ना? तुमचं फार सांगतो हा. आमच्या मॅडमना नुसतं बघून कळतं म्हणतो."

"ताई, तू गप बस ना," तो म्हणाला.

तिला वाटलं ही टोचून बोलतेय. पण बहिणीच्या डोळ्यांत तसं काहीच नव्हतं. उलट मोठ्या डॉक्टर आल्या म्हणून त्या डोळ्यांत उजेड आला होता. टोमणा असता तर तो गिळता आला असता.

"शनिवारी फोन केला होतास," ती म्हणाली.

"हो, काही नाही, ते..." तो बोटांची नखं बघू लागला. "स्वतःच कागद भरून एक्स-रे काढून घेतला. बाहेर बाकावर बसून फिल्म बघत होतो. मला दिसत होतं, डावीकडे वर, भोक. पण म्हटलं, स्वतःचं असलं की माणसाला जास्तच दिसतं. तुम्ही एकदा बघून नाही म्हणाला असतात तर..." तो हसला. "तसं तुम्ही हो म्हणाला असतात. पण कुणीतरी सोबत बघायला हवं होतं."

"रजेच्या चिठ्ठीत का नाही लिहिलंस?"

"लिहिणार होतो. मग वाटलं, राउंडला वाचून दाखवतील."

रजेच्या चिठ्ठ्या राउंडला वाचून दाखवायची पद्धत तिचीच. रेडिओ त्या वेगवेगळ्या आवाजांत वाचायचा.

"कोणी आलं होतं बघायला?" हे विचारल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली.

"इथल्या सिस्टर चांगल्या आहेत," तो म्हणाला.

बहीण तिच्याबरोबर वॉर्डाच्या दारापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, क्षयाच्या साध्या गोळ्या लागू पडतील की नाही ते उद्या कळणार आहे. आणि मग, आणखी हळू, "डॉक्टर, लहानपणी हा साधा शिंकला तरी आम्ही घर डोक्यावर घ्यायचो. इथे तर सगळे डॉक्टरच आहेत म्हणून आम्ही निर्धास्त होतो हो." तिने मान डोलावली. आजवर शेकडो नातेवाइकांना तिने दारात उभं राहून काय काय सांगितलं होतं. वाक्यं तयार असायची.

साडेचारला गोलातल्या वीस खुर्च्यांपैकी अकरा भरल्या. तिने आधी बाईंना गाठून सांगितलं. बाई क्षणभर खरंच हादरल्या, चष्मा काढून म्हणाल्या, "अरेरे. कळवायला हवं होतं गं त्यानं." मग चष्मा लावला, "उद्याच सगळ्या युनिटचे एक्स-रे करून घ्या." तिने गोलात बसून पोरांना सांगितलं, न रंगवता, जसं होतं तसं. चिठ्ठ्या, खोकला, शनिवारचे तीन फोन; स्वतःचं काही लपवलं नाही. बोलता बोलता तिला वाटत होतं की आता काहीतरी फुटेल. कुणीतरी रडेल, कुणीतरी तिच्यावर ओरडेल, रेडिओ मान खाली घालील, आणि या खोलीत पहिल्यांदा काहीतरी खरं घडेल. रेडिओने मान खाली घातली होतीच. मग ती वर करून त्याने विचारलं, "मॅडम, आपल्याला काही होणार नाही ना?" त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला तो परका वाटला. तिला राग आला नाही. जिन्यात तिनेही हेच विचारलं होतं, फक्त मनात. मग सगळेच बोलू लागले, पेल्यांविषयी, बंद खिडकीविषयी. शेवटी कुणीतरी म्हणालं, रोज एकाने वर जायचं, पाळी लावू. फळ्यावर वारांपुढे नावं लिहिली गेली. गुरुवारी कोणाला जमत नव्हतं, ओपीडी होती. ती म्हणाली, गुरुवारी मी.

गुरुवारी दुपारी ओपीडी आटोपून सगळं युनिट एक्स-रेच्या दाराबाहेर रांगेत उभं राहिलं. बटणं, साखळ्या, घड्याळं काढून खिशात. ॲप्रन नसल्याने सगळे अचानक वयाने लहान दिसत होते. तिच्या लक्षात आलं, एकही माणूस कामाला न पळता सगळे एका ठिकाणी उभे आहेत असं या तीन वर्षांत कधी झालं नव्हतं. कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला होता. पहिल्या वर्षाच्या मुलीचे हात गार पडले होते, तर रेडिओ ते आपल्या हातांत घेऊन चोळत होता आणि अवाक्षर बोलत नव्हता. आत तिने छाती त्या थंडगार पाटीला टेकवली. तंत्रज्ञ पडद्याआडून म्हणाला, श्वास घ्या, रोखा. त्या रोखलेल्या श्वासात तिला काहीही वाटलं नाही. नुसतं, आपलं नसू दे, आपलं नसू दे.

अर्ध्या तासाने फिल्म आल्या. तिनेच त्या एकेक करून दिव्यापुढे धरल्या, सगळे तिच्या खांद्यावरून वाकलेले. स्वच्छ. स्वच्छ. ही पण स्वच्छ. शेवटची तिची स्वतःची, तीही स्वच्छ. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी तिला मिठीच मारली, आणि तिने ती मारू दिली. सगळे जथ्याने कॅन्टीनमध्ये गेले, दोन टेबलं जोडली, चहा सांगितला. रेडिओला कंठ फुटला. त्याने तंत्रज्ञाची नक्कल केली, श्वास घ्या, रोखा, रोखा, अहो सोडा आता, नाहीतर जाल! आणि ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, शेजारच्या मुलीच्या खांद्यावर डोकं टेकून. बाईंना जे हवं होतं, फलकावर लिहून जे आलं नव्हतं, ते हे होतं. ऊब होती त्यात, खरी ऊब.

डोळे पुसून तिने वर पाहिलं तेव्हा काउंटरपाशी त्याची बहीण उभी होती, हातात थर्मास, कॅन्टीनवाला त्यात गरम पाणी ओतत होता. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती लगबगीने उठून गेली.

"सगळ्यांचे चांगले आले ना?" बहिणीनेच आधी विचारलं. "सकाळपासून माझ्या मागे लागलाय. जा, बघून ये, माझ्यामुळे कुणाला काही झालं नाही ना. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही त्याच्या."

"चांगले आले. सगळ्यांचे."

"बरं झालं बाई." बहिणीने छातीला हात लावला. "आता झोपेल तो."

"त्याचा रिपोर्ट?"

"आला. साध्या गोळ्या चालायच्या नाहीत म्हणे. दीड वर्ष तरी, म्हणाले. कानांवर परिणाम होतो म्हणे काही इंजेक्शनांचा?" ती क्षणभर थांबली, डॉक्टर काही म्हणतील म्हणून. "नोकरी, शिक्षण, सगळं सोडतोय आता. शनिवारी नेतो आम्ही त्याला घरी."

"मी येते वर. आज माझीच पाळी आहे."

"आत्ता नको. हे ऐकलं की डोळा लागेल त्याचा. आणि तुम्हाला तरी कुठे वेळ असतो." बहिणीने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं आणि टेबलाकडे एकदा बघून घेतलं, कौतुकानेच. "बसा तुम्ही. चालू द्या तुमचं."

ती दाराबाहेर जाईपर्यंत ही तिथेच उभी होती. मागून रेडिओने हाक मारली, "मॅडम, चहा गार होतोय." तिने वळून पाहिलं. बाकावर दोघांनी सरकून तिच्यासाठी जागा केली होती. ती जाऊन बसली.